मुकी मोट

पंचाक्षरी बिराजदार जन्माचा बहिरा नव्हता. त्याला सोलापुरातल्या गिरणीनं बहिरं केलं, आणि तेही एकदम नाही, थोडं थोडं, त्याच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं. तो साचेखात्यात फिटर होता. साचा म्हणजे गिरणीतला माग. असे शेकडो साचे एका छपराखाली धडधडायला लागले की शेजारच्या माणसाला हाक मारायची सोय उरत नाही. खांद्याला हात लावायचा आणि तोंडासमोर तोंड आणायचं. तिथली माणसं ओठांवरून बोलणं वाचतात, बोटांनी निरोप देतात आणि डोळ्यांनी शिव्या घालतात. पंचाक्षरी हे सगळं ऐन विशीत शिकून बसला होता, त्यामुळे कान जायला लागले तेव्हा त्याचं फारसं काही अडलं नाही. आधी डासांची गुणगुण गेली, त्याचं त्याला बरंच वाटलं. मग चिमण्या गेल्या. मग घरातल्या दोन मुलींचं हसणं गेलं, ते मात्र त्याला लागलं. सगळ्यांत शेवटी गिरणीचा भोंगा गेला, आणि त्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदा कामावर उशिरा पोहोचला.

बायको रंभाबाई दुधनीकडची, मळेवाल्याची लेक. नवऱ्याला ओठच वाचायचे आहेत तर आवाज कशाला खर्च करायचा, असा तिचा सरळ विचार होता. ती नुसते ओठ हलवायची. तो मात्र, स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे, चार घरांना पुरेल एवढ्या मोठ्यानं बोलायचा. त्यामुळे चाळीला त्यांच्या भांडणाची एकच बाजू कळायची. "मी कुटं म्हणलं तसं?" "बरं, माझंच चुकलं!" "उद्या आणतो म्हणलं की!" एवढंच लोकांच्या कानावर यायचं, आणि रंभाबाई चाळीतली सगळ्यांत सोशीक बाई म्हणून नावाजली गेली होती. भांडण अगदीच वाढलं की ती तोंड फिरवायची. त्या घरात तोंड फिरवणं म्हणजे दार लावून घेणंच होतं.

आवाज गेले त्या मोकळ्या जागेत यंत्रं आली. कशी आली ते त्याला कधी सांगता आलं नाही. खाटेवर पडून डोळे मिटले की समोर एक चाक यायचं. त्याला तो दुसरं चाक लावायचा, दोन्हींत एक पट्टा, पट्ट्याला ताण. ताण जास्त झाला की पट्टा काढून ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा, सगळं डोळे मिटूनच. कागदावर त्यानं जन्मात रेघ ओढली नाही. कागदावरचं चाक फिरत नाही, मग ते काढून करायचं काय, असं तो म्हणे. सकाळी डोक्यातलं यंत्र चालू करून तो कामावर जायचा आणि दुपारी भाकरी खाताना आत डोकावून बघायचा. कुठला दाता झिजला, कुठला खिळा ढिला पडला, ते त्याला स्पष्ट दिसायचं. मग बाभळीचा दाता काढून सागवानी बसवायचा आणि चटणीला बोट लावायचा. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, पण गिरणीत बिघडलेल्या साच्यासमोर तो तसाच डोळे मिटून उभा राहायचा आणि डोळे उघडल्यावर नेमकी तीच खुंटी ठोकायचा. त्यामुळे गिरणीत कुणी हसत नसे. घरी हसत.

डोक्यात यंत्र चालू असताना त्याच्या चेहऱ्यावर जे सुख दिसायचं ते रंभाबाईला बघवत नसे, कारण त्या सुखाला तिचा हात कधी लागलेला नसायचा. जेवताना समोर बसलेला माणूस कुठंतरी पाचशे मैलांवर हसतो आहे हे कुठल्या बाईला आवडेल? पण एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. एकदा तापानं फणफणून तो बरेच दिवस पडला होता तेव्हा डोक्यात एकही चाक आलं नाही. डोळे मिटले की नुसता काळोख, आणि त्यात कसलाच आवाज नाही. त्या दुखण्यात तो तापाला घाबरला नव्हता, त्या रिकाम्या काळोखाला घाबरला होता. बरा झाल्यावर पहिलं चाक परत आलं तेव्हा तो रडला. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच.

यंत्रं डोक्यातच राहिली असती तर जगाचं काही बिघडलं नसतं. पण त्याला ती बाहेर आणायची हौस. थोरली मुलगी तान्ही असताना त्यानं पाळण्याला वजनं लावून असा झोका बसवला की एका धक्क्यात पाळणा दुपारभर हलावा. पाळणा हलला, आणि पोर दूध ओकली. त्यानंतर काही वर्षं शांततेत गेली. मग त्यानं शेंगाची चटणी कांडायचं यंत्र केलं. आमच्याकडची शेंगाची चटणी उखळात कांडून कांडून, दाण्याचं तेल सुटेपर्यंत कांडावी लागते. रंभाबाईचा खांदा त्यानं दुखायचा. पायानं दांडा दाबला की लोखंडी मुसळ वर जाऊन दणकन खाली यावं, अशी त्याची रचना होती. आणि ते चाललं! चटणीला असं तेल सुटलं की बोटं चिकटावीत. पंचाक्षरी खुशीत पाय मारत राहिला. तळपायाला जमीन हादरलेली कळत होती, तीसुद्धा त्याला यंत्राच्या तब्येतीची खूण वाटली. भिंतीपलीकडं केराबाईच्या घरात एक एक भांडं फळीच्या कडेला येत होतं हे त्याला कुठून कळणार? फळी खाली आली, आणि पाण्यानं भरलेली पितळी कळशी केराबाईच्या पायावर पडली. ती लंगडत दारात येऊन ओरडायला लागली तेव्हा ह्या गृहस्थानं तिच्या ओठांकडं नीट न बघताच हसून मान डोलवली आणि म्हणाला, "या की केराबाई, चटणी चाखा!"

केराबाईच्या पायाचं हाड मोडलं होतं. ती कितीतरी दिवस भिंतीला धरून चालत होती, आणि रंभाबाई तिच्या घरचं पाणी भरत होती.

त्याच संध्याकाळी रंभाबाईनं नवऱ्याला समोर बसवलं. "आता बास," ती म्हणाली. ओठ इतके सावकाश हलवले की एकही अक्षर चुकू नये.

"एकच ऱ्हायलंय," तो म्हणाला, आणि हे चाळीनं ऐकलं.

"कसलं?"

"मोटंचं. तुझ्या भावाच्या हिरीवरचं. दोन वर्सं चालतंय डोक्यात. एकदाबी आडलं न्हाय."

ती म्हणाली, "बरं. पर ते शेवटचं. चाललं तर चाललं. न्हाय चाललं तर पान्हा, छिन्नी, समदं भंगारात. आन डोक्यातबी काय ठेवायचं न्हाय. सिद्धरामाची आण घ्या."

"डोक्यातलं कसं बंद करायचं गं?"

"ते तुमचं तुमी बघा."

त्यानं आण घेतली. सिद्धराम म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत, त्याची आण तिथं कुणी मोडत नाही. आण घेतल्यावर तो डोळे मिटून पडला. मोट चालूच होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याला तिच्याकडं बघताना भीती वाटली. ही थांबली तर पुढं काय, ह्या प्रश्नाचं उत्तर त्याला तापातच मिळालेलं होतं.

ही मोट डोक्यात कशी शिरली तेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी हुरड्याला दोघं दुधनीला गेले होते. रंभाबाईचा भाऊ ईश्वरप्पा याच्या मळ्यातली विहीर चांगली खोल, आणि तिच्या काठाला शेजारी शेजारी दोन मोटा. सगळे हुरडा खात होते आणि पंचाक्षरी बैलांकडं बघत बसला होता. बैलजोडी उतारावरून खाली जाते, त्या उताराला धाव म्हणतात. कातड्याची भरलेली मोट वर येते, थारोळ्यात पाणी ओतते. थारोळं म्हणजे काठावरचं दगडी टाकं, तिथून पाणी पाटाला लागतं. इथवर ठीक. पण मग तेच बैल पाठमोरे, मागं मागं पाय टाकत, चढ चढून वर येतात. पुन्हा खाली, पुन्हा मागं. बैलाचा निम्मा दिवस उलटं चालण्यात जातो आणि त्या निम्म्या दिवसात पाण्याचा थेंब येत नाही. हे गाव पिढ्यान्‌पिढ्या बघत आलं होतं. पंचाक्षरीच्या मात्र तोंडातला हुरडा तोंडातच राहिला.

बैल गोल फिरवला तर उलटं चालावं लागणार नाही, हे कुणालाही सुचेल. ईश्वरप्पाही तेच म्हणाला. बहिऱ्या माणसाशी मोठ्यानं बोललं की कळतं अशी त्याची समजूत होती. "दाजी, त्यो रहाट झाला की!" तो कानाशी ओरडला. पण रहाट उथळ विहिरीला. ह्या विहिरीत सोडायचा तर त्याच्या गाडग्यांच्या माळेच्या वजनानंच बैल बसले असते. हवे होते दोर आणि दोन बादल्या: एक वर येताना दुसरी खाली जावी. आणि घोडं तिथंच अडत होतं. बैल एकाच दिशेनं फिरणार, दोर मात्र एकदा इकडून आणि एकदा तिकडून ओढला गेला पाहिजे. ह्याचं उत्तर पंचाक्षरीला गिरणीत मिळालं, रोज समोर असलेलं. साच्याचा दांडा एकाच दिशेनं फिरतो, पण आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं आणि तिकडून इकडं पळतोच की. मग त्यानं बैलांनी फिरवायच्या मधल्या खांबाला जोडलेली दोन दातेरी चाकं दोर गुंडाळायच्या रुळाच्या दोन्ही अंगांना बसवली. दोराला एक लाकडी गोळा बांधला. बादली वर आली की गोळा एका दांड्याला धडकायचा, दांडा कलंडायचा आणि रूळ ह्या चाकाला सोडून त्या चाकाला जाऊन भिडायचा. बैलाला पत्ताही नाही, तो आपला चालतोय. हे सगळं त्यानं डोक्यात उभं केलं, चालू केलं आणि दोन वर्षं चालू ठेवलं.

केराबाईचा पाय बरा व्हायच्या आत त्यानं ते लाकडात आणि लोखंडात उतरवलं. सुतार मडिवाळप्पा ह्याच्याकडून चाकं करून घेतली. मडिवाळप्पाला शेवटपर्यंत हा तेलाचा घाणा आहे असंच वाटत होतं. शहराबाहेरच्या मोकळ्या रानात एक जुनी कोरडी बारव होती, तिच्यावर यंत्र उभं करून बघितलं. ऐन उन्हाळा, प्यायच्या पाण्याची मारामार. बादल्यांत पाणी कुठलं घालणार? वाळू घातली. कापसाच्या गाडीची बैलजोडी भाड्यानं आणली. बैल गोल गोल चालले, वाळूची एक बादली वर आली, कलंडली, दुसरी खाली गेली. दिवस मावळेपर्यंत एकदाही अडलं नाही. डोक्यात जसं दोन वर्षं चाललं होतं अगदी तसंच, आणि पंचाक्षरीला क्षणभर कळेना की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले. रंभाबाई लांब दगडावर बसून बघत होती. घरी जाताना यंत्राची दोरी तिनं स्वतः गुंडाळून घेतली. तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवस होता.

मग यंत्र सुटं करून रेल्वेनं दुधनीला आणि तिथून बैलगाडीनं मळ्यात गेलं. साल एकोणीसशे अठ्ठावीस. विहिरीवरची एक मोट काढून तिच्या जागी यंत्र बसवलं, दुसरी जुनी मोट तशीच ठेवली. ईश्वरप्पानं आपली सगळ्यांत चांगली जोडी दिली, बसव्या आणि हरण्या. सात-आठ वर्षं मोटेवर मुरलेले बैल. मोट हाकायला गुंडा नावाचा गडी होता, तोही तसाच मुरलेला. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं जमली. नारळ फुटला. पंचाक्षरीनं मान हलवली आणि गुंडानं बैलांच्या पाठीवर हात टाकला.

बैल चालले. पहिली बादली वर आली, काठाला लागली, कलंडली आणि थारोळ्यात रिकामी झाली. आणि त्याच क्षणी दोन्ही बैल खिळल्यासारखे थांबले आणि मागं चालायला लागले.

मधला खांब उलटा फिरला. दाते दात्यांत अडकले, रूळ दोन्ही चाकांच्या मध्ये जाऊन आवळला, आणि खालची बादली अर्ध्यावरच लोंबकळत राहिली. पंचाक्षरीनं धावत जाऊन रूळ मोकळा केला. पुन्हा चालू. पुन्हा बादली रिकामी झाली, पुन्हा बैल थांबले, पुन्हा मागं. गुंडानं चाबूक काढला तशी रंभाबाई मधे पडली. पंचाक्षरीनं जू तपासलं, दांडा आखूड केला, बैलांची तोंडं फिरवून उलट दिशेनं चालवलं. गडबड तीच. चौथ्या-पाचव्या खेपेला एका चाकाचे तीन दाते उडाले.

"बैल बुजल्यात," गुंडा म्हणाला. जमलेल्या म्हाताऱ्यांना कारण पक्कं ठाऊक होतं: विहिरीतल्या आसरा कोपल्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, त्यांना विचारल्याशिवाय विहिरीवर खांब रोवला की असंच व्हायचं. मग हिरवा खण आला, हळदकुंकू आलं, दुसरा नारळ फुटला. दाते ठोकून पुन्हा बसवले. आसरांनी खण ठेवून घेतला आणि बैल थांबायचे ते थांबलेच.

पंचाक्षरी विहिरीच्या काठावर डोळे मिटून उभा राहिला. आत मोट झकास चालली होती. त्यानं मुद्दाम आतले बैल थांबवून बघितले, पण थांबायला त्यांना काही कारणच सापडेना. ते आपले चालत राहिले. आत एक आणि बाहेर एक असं त्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. सगळी माणसं आपल्याकडं बघत आहेत एवढं कळत होतं, आणि कुणाचेही ओठ वाचायची त्याची इच्छा नव्हती.

ईश्वरप्पा भला माणूस. तो जवळ आला आणि ह्या खेपेला ओरडला नाही. "ऱ्हाऊ द्या, दाजी," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा पंचाक्षरीनं बायकोकडं बघितलं. तिनं तोंड फिरवलं. वाढताना, ताट उचलताना, दिवा लावताना, प्रत्येक वेळी तिची त्याच्याकडं पाठ होती. तिला राग आला आहे असं त्यानं धरून चाललं, आणि राग येणं बरोबरच होतं. आपल्या माहेरात, भावाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर तिची मान खाली गेली होती. तो भाकरी कुस्करत बसला. डोक्यातली मोट त्यानं स्वतःच्या हातानं थांबवली, आण घेतली होती तशी. पहिल्यांदा दोर सोडला, मग रूळ काढला, मग चाकं. शेवटचा खांब उपटला आणि आत काळोख झाला. त्यानं भाकरी तशीच ठेवली.

सकाळी तो यंत्र उकलायला विहिरीवर गेला. शेजारच्या जुन्या मोटेवर गुंडा पाणी काढायला लागला होता. पिकाला यंत्राशी काय देणंघेणं. पंचाक्षरीनं पान्हा लावला, एक बोल्ट काढला, दुसऱ्याला हात घातला. तेवढ्यात रंभाबाई आली आणि तिनं त्याच्या हातातला पान्हा काढून घेतला. तोंड त्याच्याकडं होतं, पण ओठ हलत नव्हते. मनगट धरून तिनं त्याला धावेवर नेलं आणि त्याचा तळहात बसव्याच्या पाठीवर ठेवला. "चाला त्येच्यासंगं," ती म्हणाली.

तो चालला. बैल उतरत होता, तळहाताखाली पाठीचे स्नायू दगडासारखे ताठ झाले होते. धावेच्या शेवटाला येता येता पाठीवरचं कातडं एकदम थरारलं, बैल थांबला आणि त्याचं सगळं वजन मागच्या पायांवर गेलं. पंचाक्षरीनं मागं वळून बघितलं. मोट नुकतीच थारोळ्यात रिकामी होत होती. आणि मग त्याला जे दिसलं ते त्या विहिरीवर इतकी वर्षं मोट हाकणाऱ्यांनीही बघितलं नव्हतं: बैलाची विहिरीकडं पाठ होती. त्याला मोट दिसत नव्हती. गुंडा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसून आपल्याच नादात गात होता, त्यानं ना दोर ओढला ना हात लावला.

"ह्येला कसं कळलं?" पंचाक्षरी ओरडला.

रंभाबाईनं आपल्या कानाला बोट लावलं.

त्याला ते पटायला वेळ लागला. तेव्हा तिनं खुणेनं त्याला बैलाजवळच थांबायला सांगितलं आणि स्वतः कळशी भरून थारोळ्यापाशी जाऊन उभी राहिली. जोडी पुन्हा उतरायला लागली. मोट अजून अर्ध्या विहिरीत होती. रंभाबाईनं कळशी दोन्ही हातांनी उंच धरून थारोळ्यात एकदम उपडी केली. बसव्याचं कातडं थरारलं. दोन्ही बैल धावेच्या मध्यावर थांबले आणि मागं चालायला लागले, भरलेली मोट परत पाण्यात गेली, आणि नाडा ढिला पडून गुंडा चांगला उताणा पडला. "यप्पा!" म्हणून तो ओरडला ते पंचाक्षरीनं ओठांवरून वाचलं.

"ल्हान असताना मी एकदा असंच केलं हुतं," रंभाबाई म्हणाली. "गंमत म्हणून. आप्पानं चिंचंच्या फोकानं मारलं. का मारतोय ते त्येलाबी धड ठावं नव्हतं. बैल बिघडवलं म्हणला."

पंचाक्षरी धावेवरच खाली बसला. दोन वर्षं त्याच्या डोक्यात मोट चालली होती. बादल्या भरल्या होत्या, कलंडल्या होत्या, थारोळं भरून पाणी पाटाला लागलं होतं. आणि त्या सगळ्या पाण्याचा एकदाही आवाज झाला नव्हता. सोलापुरात वाळू सुर्रकन पडली आणि गाडीच्या बैलांना तिच्याशी कर्तव्य नव्हतं. कळशी केराबाईच्या पायावर पडली तेव्हाही आपण ती ऐकली नव्हती, हे त्याला आठवलं आणि त्याला लाज वाटली.

"तुला कवा कळलं?" त्यानं विचारलं.

"काल. पयल्याच बादलीला."

"मग काल का न्हाय सांगितलंस?"

तिनं तोंड फिरवायला सुरुवात केली होती, पण फिरवलं नाही. "सांगितलं असतं तर तुमी परत आत जाऊन बसला असता. न्हाय सांगितलं तर आण लागू हुती. म्हणलं, आता तरी माणूस घरात येईल. काल ओठ दाबून ऱ्हायले."

"मग?"

"मग जेवताना बघितलं, तुमची नजर न्हवती तवा. यंत्र मोडलं तरी घरात कुणीच आलं न्हवतं. नुसतं ताटावर एक माणूस बसलेलं." तिचे ओठ थरथरायला लागले आणि पुढचे शब्द त्याला नीट वाचता आले नाहीत. त्याला एवढंच कळलं की ती म्हणते आहे, ह्यापरास ते हसणारं बरं हुतं.

त्यानं तिचा हात धरला, भर मळ्यात, गुंडासमोर, आणि तापातल्या काळोखाची गोष्ट तिला सांगितली. आवाज खाली आणायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला असावा, पण ईश्वरप्पाच्या घरापर्यंत ती सगळ्यांनी ऐकली.

नव्या बैलांना शिकवता येईल असं तो नंतर म्हणाला, तर तिनं त्याला वेड्यात काढलं. बैल कशाला शिकवायचा, पाणीच गप करा की. मग ती आत गेली आणि ईश्वरप्पाचं जुनं काळं घोंगडं घेऊन आली. पंचाक्षरीनं डोळे मिटले. आत काळोख होता, त्यात एक पत्रा आला, तिरका. पत्र्यावर घोंगडं, घोंगड्याचं टोक थेट थारोळ्यातल्या पाण्यात बुडलेलं. बादलीतलं पाणी पडत नव्हतं, सरपटत जात होतं. त्यानं डोळे उघडले आणि ह्या खेपेला आत काय दिसलं ते आधी तिला सांगितलं. तिनं घोंगडं दुहेरी करायला लावलं. उघड्या पत्र्यावर पाणी वाजणारच, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बादलीच्या काठालाही तिनं चिंध्या बांधल्या.

दुपार टळल्यावर बसव्या आणि हरण्याला पुन्हा जुंपलं. आता बघायला कुणी आलं नव्हतं, घरचेच होते. पहिली बादली वर आली आणि कलंडली. बैलांची पावलं जरा मंदावली, दोघांचेही कान मागं वळले, काहीतरी यायचं राहिलं आहे तसे. मग हरण्यानं मान झटकली आणि दोघे चालत राहिले. गोळा दांड्याला लागला, रूळ सरकला, दुसरी बादली वर निघाली. पाटातून पाणी उसाकडं वाहायला लागलं.

"मोट मुकी झाली की वो!" गुंडा म्हणाला. तेच नाव पुढं त्या विहिरीला पडलं.

पंचाक्षरी यंत्राकडं बघत नव्हता. रंभाबाई थारोळ्याच्या काठाशी उकिडवी बसली होती, तिच्याकडं बघत होता.

"येतोय का आवाज?" तो केवढ्यानं तरी ओरडला.

तिनं डोळे मिटले आणि पाण्याकडं कान केला. बादली आली, कलंडली, घोंगडं फुगलं आणि पुन्हा बसलं. बैल चालत होते. आणखी एक बादली आली. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडं तोंड केलं आणि नेहमीसारखे नुसते ओठ हलवले.

"आता मलाबी ऐकू येत न्हाय," ती म्हणाली.